लाकडावरचा बॉयलर : २०० लिटरचा घ्यावा का ५०० चा?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुसदजवळ खेड्यात घर, दोन सालदार धरून सतरा माणसं, आणि थंडीत सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी जुन्या तांब्याच्या बंबावर अन् चुलीवरच्या गंजात तापते. तुम्ही व्हिडिओत अमेरिका-कॅनडाकडचे घराबाहेर ठेवायचे लाकडाचे बॉयलर पाहिले, पूर्ण घर गरम करणारे, आणि इथल्या एका फॅब्रिकेटरनं ५०० लिटरचं कोटेशन दिलं की मोठाच घ्या, कमी पडाचं काम नाही. आता २०० घेऊ का ५००, आणि त्याच्यावर खोल्या पण गरम होतील का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी अमरावती जिल्ह्यात तेवीस वर्षांपासून हेच काम करतो, बंब, वसतिगृहाचे बॉयलर, हुरड्याच्या शेगड्या, सगळं. माझ्या मते तुमच्या पोस्टमधली खरी गोष्ट शेवटच्या ओळीत आहे, तुम्ही सहज लिहून गेल्या की "पहाटे साडेचारला उठून मलाच पेटवावा लागते". लिटर त्या ओळीवरून ठरतात. माणसं किती यावरून ठरवलं तर फॅब्रिकेटर म्हणते तेच बरोबर वाटेल, सतरा माणसं गुणिले तीस लिटर म्हणजे ५०० च्या वर. पण तसं मोजायचं नसते.

आधी घर गरम करायचं ते बाजूला काढतो, कारण त्यात पैसे जाऊ शकतात. तिकडचा बॉयलर आंगणात असते, त्याच्या पोटातलं गरम पाणी पंपानं जमिनीखालच्या पाइपातून घरात फिरवतात, आणि तिकडे थंडी पाच-सहा महिने, त्यात पारा उणे दहा, उणे वीसवर पण जाते. तो बॉयलर घराची उष्णता किती गळते त्यावर काढतात, म्हणून त्यांचे आकडे बीटीयूमधे असतात (बीटीयू हे उष्णतेचं तिकडचं माप, ३,४१२ बीटीयू म्हणजे आपलं विजेचं एक युनिट). आपल्याकडे कडाक्याची थंडी डिसेंबर-जानेवारीतले सहा-आठ आठवडे, त्यातही दुपारी ऊन पडतेच. नागपूरला २०१८ च्या डिसेंबरमधे पारा साडेतीनवर गेला होता, तरी दुपारी लोक उन्हात बसून संत्रे खात होते. आणि आपल्याकडे घराचा बराच भाग कौलारू किंवा टिनाचा, वरून सगळी फट, कितीही उष्णता सोडली तरी वर निघून जाईल. खोलीसाठी रेडिएटर, पंप, पाइप हा खर्च करू नका, फक्त पाण्याचा विचार करा.

पण तिकडची एक गोष्ट आपल्याला शिकण्यासारखी आहे. तिथं लोकांनी गरजेपेक्षा मोठे बॉयलर घेतले, मग पाणी तापलं की आपोआप हवेचं झाकण बंद, आत लाकूड न पेटता नुसतं धुमसत राहते, चिमणीत डांबरासारखा थर जमते आणि शेजाऱ्यांच्या घरात धूर. इतक्या तक्रारी झाल्या की २०१५ मधे अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अशा नव्या बॉयलरच्या धुरावर देशभर मर्यादा घातली. मोठा बॉयलर म्हणजे सुरक्षित सौदा, असं लाकडाच्या बाबतीत नाही. गिझर मोठा घेतला तर तो बंद होते, लाकूड पेटलं की पेटलं.

आता मुद्द्यावर. बॉयलर म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असतात, वर टाकी आणि खाली भट्टी. गिऱ्हाईक फक्त टाकीचे लिटर विचारते. मी सुरुवातीच्या वर्षांत एका मोठ्या घराला ४०० लिटरची टाकी बनवून दिली, भट्टी मात्र १०० लिटरवाल्याचीच ठेवली कारण तेव्हा मला तेवढंच येत होतं. पाणी तापायला चार-चार तास लागायचे. दोन हिवाळे त्या घरच्या बायांनी ओढलं आणि मग परत चुलीवर गंज चढवला. ते मला अजून लागून आहे, म्हणून आता मी आधी भट्टी विचारतो मग टाकी.

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी एक डिग्रीनं तापवायला एक किलोकॅलरी लागते. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला साधारण ३५०० किलोकॅलरी देते, पण आपल्या गावठी बॉयलरमधे त्यातली ४० टक्के पाण्यात उतरली तरी खूप झालं, बाकी चिमणीतून जाते. म्हणजे एक किलो लाकडाचे हातात १४०० आले असं धरा. तासाला चार किलो जाळणारी भट्टी तासाला ५६०० देईल.

आता तुमची गरज. सतरा माणसं एकाच वेळी न्हात नाहीत ना? शाळेचे पोट्टे, ड्युटीवाले, म्हातारी माणसं पहाटे साडेपाच ते साडेसात, सालदार वावरातून आल्यावर, तुम्ही बाया बहुतेक सगळ्यांच्या नंतर, आणि लहान लेकरं ऊन पडल्यावर. आपण धरू की त्या दोन तासांत अकरा आंघोळी, माणशी २५ लिटर कोमट पाणी म्हणजे २७५ लिटर. अंगावर घ्यायचं पाणी ४० डिग्रीचं, जास्त नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी जानेवारीत पहाटे १५ डिग्री असते, म्हणजे २५ डिग्री चढवायचं आहे, २७५ गुणिले २५, जवळपास ६९०० किलोकॅलरी. विजेवर केलं तर आठ युनिट रोजचे. लाकडात पाच किलो. तुमच्या सकाळच्या गर्दीची खरी गरज एवढीच आहे.

माझा हा अकराचा अंदाज चुकू शकते, म्हणून मी गिऱ्हाइकाला एक काम सांगतो ते तुम्ही करा. न्हाणीच्या भिंतीवर कोळशाच्या तुकड्यानं, जो न्हाईल त्यानं, जेवढ्या बकेटी घेतल्या तेवढ्या रेघा मारायच्या, साडेसातच्या आधीच्या वर आणि नंतरच्या खाली. तीन दिवस करा, त्यात एक रविवार किंवा सणाचा दिवस येऊ द्या. धामणगावकडच्या एका घरी सासूबाई म्हणाल्या होत्या की आमच्याकडे पन्नास बकेटी लागतात, रेघा मोजल्या तर एकोणीस निघाल्या. खोटं कोणी बोलत नाही, पण पाणी तापवणाऱ्याला प्रत्येक बकेट दोन वाटते.

आता तुमच्या साडेचारच्या उठण्याचं. दोन मार्ग आहेत.

पहिला, सकाळीच पेटवायचा. मग टाकी मोठी नकोच, १००-१२० लिटर बस. पेटवल्यावर पाऊण-एक तासात पहिलं पाणी ६५ ला येते, लोक नेत राहतात, खाली आग चालू असते आणि वर नवीन पाणी तापत राहते. स्वस्त पडते, लाकूड कमी लागते. पण कोणीतरी पहाटे तिथं पाहिजे, आणि ते कोणी म्हणजे तुम्ही.

दुसरा, संध्याकाळी पेटवायचा. स्वयंपाकाच्या वेळी, ज्या वेळी तसेही सगळे जागे असतात आणि घरातला एखादा माणूस किंवा सालदार लाकूड सरकवू शकते, तेव्हा पाणी ७० पर्यंत नेऊन ठेवायचं आणि सकाळी नुसती तोटी उघडायची. याला टाकी मोठी लागते कारण सकाळी खाली आग नाही, जे साठवलं तेवढंच. टाकीतलं पाणी पण पूर्ण कामाचं नसते, गरम निघते तसं खालून थंड शिरते आणि मिसळते, म्हणून चारात तीन भाग धरायचे. २०० लिटरची टाकी रात्रभरात सात-आठ डिग्री उतरून सकाळी ६२-६३ ला असेल, त्यातलं १५० लिटर कामाचं, थंड मिसळून कोमट झालं २८५ लिटरच्या आसपास. तुमचे २७५ त्यात बसतात. लाकूड जाईल रोज सहा-सात किलो, तासाला चार किलोवाल्या भट्टीला पावणेदोन तास.

तुमच्या घराला मी हाच सांगीन, २०० लिटर, संध्याकाळी पेटवायचा. ५०० नाही. ५०० लिटर विहिरीचं पाणी ७० ला न्यायला १६ किलो लाकूड लागते, आणि तुम्ही फोटो टाकला त्या कोटेशनमधे टाकीवर आवरण काहीच लिहिलेलं नाही, नुसता पत्रा. म्हणजे जे वापरलं नाही ते दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थंड. रोज पाच किलोची गरज आणि १६ किलो जाळणार, चार महिन्यांचं सरपण दीड महिन्यात संपेल आणि मग वावरातून भारे आणायचे परत बायांनीच.

संध्याकाळचा मार्ग घेतला तर दोन गोष्टींवर अडून बसा, त्याच्याशिवाय पैसे देऊ नका. एक, टाकीभोवती किमान दोन इंच ग्लासवूल (काचेच्या धाग्यांची गादी) नाही तर पफ (फोम) आणि वरून पत्रा. दोन, चिमणीला दमर, म्हणजे आतली फिरती झडप, आणि राखेच्या दाराला नीट बसणारं झाकण. हे दुसरं कोणी सांगत नाही. टाकीच्या पोटातून धुराच्या नळ्या जातात ना, आग विझल्यावर त्याच नळ्यांतून रात्रभर थंड हवा वर ओढली जाते आणि ती तुमचं पाणी आतून थंड करते. बाहेरून कितीही ग्लासवूल लावा, सकाळी पाणी ५० च्या खाली. लोक म्हणतात आवरण फसलं, पण आवरण फसलेलं नसते, झडप उघडी असते. फक्त इस्तो पूर्ण राख झाल्यावरच झडप लावायची, निखारे जिवंत असताना नाही, त्याचा वायू विषारी असते आणि वास येत नाही.

अजून एक फुकटातली गोष्ट. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असते हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते. ते पाणी २५ च्या आसपास असते आणि तेच गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलं की १५. बकेटीत मिसळायचं थंड पाणी पहाटे मोटर पाच मिनिटं लावून थेट विहिरीचं घेतलं तर गरम पाणी चौथ्या हिश्श्यानं कमी लागते. लाईनच्या वेळापत्रकावर आहे हे, तुमच्याकडे पहाटे लाईट राहत असेल तर नक्की करा.

पाणी कसं आहे त्यावर टाकीचा माल ठरते. तुमचा पुसदकडचा भाग काळ्या पाषाणाचा, पाणी जड असेल पण बहुधा खारं नाही. साबणाला फेस कमी, गंजाच्या बुडाला पांढरा थर, अशी खूण असेल तर टाकीला हात जाईल एवढं सफाईचं झाकण ठेवून घ्या आणि पाणी ७० च्या वर नेऊ नका, त्याच्या वर क्षार फार लवकर धरतात. स्टेनलेस स्टील ३०४ नंबरचं, म्हणजे नेहमीचं, चालेल. आमच्याकडे दर्यापूर-अकोटच्या खारपाणपट्ट्यात मात्र ३०४ टिकत नाही, वेल्डिंगच्या कडेला सुईएवढी छिद्रं पडतात, तिथं मी खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारं ३१६ नंबरचं स्टील नाही तर तांबं सांगतो आणि आत मॅग्नेशियमचा रॉड टाकतो, तो आधी झिजते आणि टाकी वाचते. पाणी एकदा तपासून घ्या, त्याला काही फार लागत नाही.

इंधन काय जाळणार हे तुम्ही लिहिलं नाही, पण यवतमाळ जिल्हा म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्याच असतील, थोडं बाभळीचं. पऱ्हाटीची आग जोरदार पण पोटात धरत नाही, पेंडी टाकली की भडकन जाते, सारखं सरकवावं लागते. बाभळीचं लाकूड एकदा धरलं की तासभर पाहावं लागत नाही. म्हणून पऱ्हाटीवर पेटवायचं, पाणी अर्धं तापलं की बाभळीचे दोन ओंडके, असं ठेवा. भट्टीचं तोंड असं घ्या की दोन फुटाचा तुकडा आडवा न तोडता जाईल, नाही तर कुऱ्हाड घेऊन पऱ्हाट्या तोडणं हे अजून एक काम तुमच्या गळ्यात. धुराची एकच मोठी नळी असेल तर तीन-चार अडीच इंची नळ्या करायला सांगा, उष्णता जास्त पकडतात, आणि आठवड्यातून एकदा ब्रशनं काजळी काढा.

पऱ्हाट्या रचताना बोंडं राहिलेल्या रचू नका. गुलाबी अळी त्या राहिलेल्या बोंडात झोपून राहते आणि पुढच्या पेऱ्यावर येते, २०१७ ला आपल्या भागानं ते भोगलं आहे. बोंडं झडवून जाळून टाका, काड्याच ठेवा. आणि लाकूड ओलं जाळू नका, हिरव्या लाकडात अर्धं पाणीच असते, ते उडवण्यातच आग खर्ची पडते. आपल्याला देवानं मे महिना दिला आहे, चैतात तोडून उन्हात उभं रचलं की मृगाच्या आत खडखडीत, मग टिनाखाली.

जागेचं नीट ऐका, यात चूक केली तर पाण्यापेक्षा मोठं नुकसान आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बॉयलर चालणार आणि त्याच महिन्यांत भावाची वाट पाहत कापूस घरात भरलेला असते, माजघरात, कधी कधी ओसरीत सुद्धा. एक ठिणगी पुरे. कापसाच्या खोलीपासून, कुटारापासून आणि कडब्याच्या गंजीपासून चांगलं तीस-चाळीस फूट अंतर, चिमणी ओसरीच्या छपरापेक्षा तीन फूट वर आणि तोंडावर जाळी. थंडीत वारा आपल्याकडे बहुतेक उत्तरेकडून असते, म्हणून घराच्या दक्षिण बाजूला जागा असेल तर धूर घरात येणार नाही. लांब ठेवल्यावर पाइपाची काळजी घ्यावी लागते. एक इंची पाइप चाळीस फूट टाकला तर जवळपास सहा लिटर पाणी नुसतं पाइपात थंड होऊन बसते आणि प्रत्येक जण ते सांडवते. अर्धा नाही तर पाऊण इंची सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप, घ्या आणि वर आवरण चढवा. साधा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, वाकते.

शेवटचं, आणि हे मी प्रत्येक घरी स्वतः समोर उभं राहून दाखवतो. तुमच्या आजेसासूचा तांब्याचा बंब कधी फुटल्याचं ऐकलं का? नाही, कारण नरसाळ्यातून ओतलं तेवढंच तोटीतून निघते, वर सगळं उघडं. नवीन बॉयलरला तीच सोय म्हणजे वरच्या टोकातून निघणारा एक पाइप, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यापेक्षा वर नेलेला, तोंड उघडं. त्याला हवेचा पाइप म्हणतात. त्याच्यावर तोटी, कॉक, बूच, काहीही लावायचं नाही. एका घरी पाइपातून पाणी टपकते म्हणून कोणीतरी कॉक बसवला आणि पिरगाळून ठेवला. वाफ कोंडली, टाकी पोट आल्यासारखी फुगली आणि बुडाची वेल्डिंग उकलली. भट्टीसमोर रोज बसणारी त्या घरची सून तेव्हा नशिबानं पोळ्या करत होती. मी ती टाकी पाहिली आहे, तीन मिलिमीटरचा पत्रा कागदासारखा वळला होता. पाइप टपकत असेल तर तो अजून दोन फूट वर न्या. आणि पेटवायच्या आधी रोज तोटी उघडून पाणी येते का पाहायचं, कोरड्या टाकीखाली आग नको.

तीन दिवसांच्या रेघा झाल्या की इथंच आकडे टाका, साडेसातच्या आधी किती आणि नंतर किती. सकाळच्या बकेटी सोळाच्या वर गेल्या तर मी टाकी २५० ची सांगीन, दहाच्या खाली आल्या तर १५० वर येऊ. भट्टी तीच राहील. आणि फॅब्रिकेटरला दमर आणि हवेचा पाइप कोटेशनमधे लिहून द्यायला लावा, तोंडी नको.